ओले जाळे, ओला पोशाख आणि बुरशी

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लाखांदूर तालुका आहे. त्याच्या कडेने वैनगंगा वाहते, चुलबंद नदी याच भागात तिला येऊन मिळते आणि मध्ये धानाची शेते, बोड्या व तलाव पसरलेले आहेत. जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा ठिकाणी पाण्यात वापरण्याची साधने तयार करणे जितके कष्टाचे, तितकेच ती टिकवणेही कष्टाचे असते.

सुताच्या जाळ्याने मासे धरणाऱ्यांचा एक साधा नियम होता. जाळे पाण्यातून काढले की त्यातली घाण झटकायची, ते धुवायचे, उन्हात पसरायचे आणि पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळून ठेवायचे नाही. आता दुसरा नियम पाहा. सागरतळाशी उतरणारे पाणबुडे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारतात. या पद्धतीला ‘स्कूबा’ म्हणतात. त्यांना शिकवले जाते, की साहित्य गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि हवा खेळेल अशा जागी टांगून ठेवा.

हे दोन्ही नियम जवळजवळ सारखे आहेत. फरक एकाच शब्दाचा आहे. जाळ्याला ऊन हवे, तर पाणबुड्याच्या पोशाखाला सावली. हा फरक का पडला? त्याचे उत्तर शोधताना आपल्याला कापूस, कात, दुसरे महायुद्ध, नायलॉन आणि मीठ अशा अनेक गोष्टींचा इतिहास पाहावा लागतो.

तलाव आणि सुताचे जाळे

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. येथील जुन्या तलावांपैकी अनेक तलाव गोंड राजवटीच्या काळात बांधले गेले आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले, म्हणून त्यांना माजी मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव असे नाव पडले. १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. या तलावांतली आणि नद्यांतली मासेमारी प्रामुख्याने ढिवर समाजाने केली.

कृत्रिम धागा येण्यापूर्वी जाळी विणली जात ती कापसाच्या किंवा सणाच्या, म्हणजे तागासारख्या वनस्पतीच्या धाग्याने. आधी सूत कातायचे, मग त्याला पीळ द्यायचा आणि मग एकेक गाठ मारत जाळे विणायचे. एका जाळ्यात हजारो गाठी असत. एवढे करून हे जाळे कोमट पाण्यात सतत वापरले आणि काही उपचार केला नाही, तर काही आठवड्यांतच त्याची ताकद लक्षात येण्याइतकी घटे. वरून जाळे ठीक दिसे, पण मोठा मासा अडकला की धागा तुटे. जाळे कुजणे म्हणजे त्या कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या श्रमांचे नुकसान आणि पुढच्या दिवसांच्या कमाईचाही प्रश्न.

बुरशी खाते ते कसे?

कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची एकमेकांना जोडलेली लांब साखळी. आपण धानातला पिष्टमय भाग, म्हणजे स्टार्च, पचवतो. स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. पण सेल्युलोजमधील जोडणी वेगळ्या तऱ्हेची असल्याने आपली विकरे तिला तोडू शकत नाहीत. अनेक बुरशींना आणि काही जिवाणूंना मात्र ते जमते.

बुरशीला तोंड नसते, पोट नसते. तिचे बारीक तंतू धाग्यावर आणि धाग्याच्या आत वाढतात आणि शरीराबाहेर विकरे सोडतात. ही विकरे सेल्युलोजचे तुकडे करत करत त्याचे ग्लुकोज बनवतात आणि ते विरघळलेले ग्लुकोज तंतू शोषून घेतात. म्हणजे बुरशीचे पचन शरीराबाहेर चालते. विकरे पसरायला आणि ग्लुकोज आत यायला पाणी लागते. धाग्यात पुरेसे पाणी नसेल, तर समोर अन्नाचा डोंगर असूनही बुरशी उपाशी राहते.

किती पाणी ‘पुरेसे’ म्हणायचे? ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५३ साली दाखवून दिले, की पदार्थात एकूण पाणी किती आहे याला फारसा अर्थ नाही. त्यातले किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येते, ते महत्त्वाचे. हे मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या पदार्थाशी समतोल साधलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता पाहणे. ही आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या खाली असली, तर बहुतेक बुरशी वाढत नाहीत. कोरड्यात तग धरणाऱ्या काही मोजक्या जाती याला अपवाद आहेत. पावसाळ्यात विदर्भातल्या खोलीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. बंद पेटीत ओले जाळे ठेवले, तर ती १०० टक्क्यांच्या जवळ पोचते. त्यामुळे जाळे वाळवणे आणि ते हवेशीर ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही हव्यात.

कात, हिरडा आणि मोरचूद

केवळ वाळवून भागत नसे, कारण जाळे रोज पाण्यात जायचे. म्हणून जगभरच्या मच्छीमारांनी झाडांच्या सालींचा उपयोग शोधून काढला. ऐन, बाभूळ, खैर यांची साल किंवा गाभा, हिरड्याची फळे अशा पदार्थांत टॅनिन नावाची द्रव्ये भरपूर असतात. त्यांच्या काढ्यात जाळे बुडवले, की ते तांबूस-तपकिरी होते आणि जास्त काळ टिकते. बंगालमध्ये यासाठी ‘गाब’ म्हणजे टेंभुर्णीच्या जातीच्या फळाचा चीक वापरत. यातली ऐन, बाभूळ, हिरडा, खैर ही झाडे पूर्व विदर्भातल्या माणसाला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाहीत.

टॅनिन करते काय? कातडे कमावताना ते कातड्यातील प्रथिनांशी घट्ट बांधले जाते आणि कातडे कुजेनासे होते. बुरशीची विकरेही प्रथिनेच असतात. टॅनिनने भिजलेल्या धाग्यावर ती आली की टॅनिन त्यांना पकडून निकामी करते. मच्छीमारांना विकरांची कल्पना नव्हती. त्यांनी परिणाम पाहिला आणि उपाय धरून ठेवला.

या इतिहासाचा एक धागा आपल्या जंगलांपासून थेट युरोपपर्यंत जातो. आपण विड्यात घालतो तो कात म्हणजे खैराच्या गाभ्याचा आटवलेला काढा. एकोणिसाव्या शतकात भारत आणि ब्रह्मदेशातून कात जहाजांनी युरोपात जाई. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार मोठ्या हंड्यांत तो उकळून त्यात आपली जाळी आणि शिडे बुडवत. जुन्या चित्रांत दिसणारी त्यांची तांबूस शिडे हा रंगाचा शौक नव्हता, तो बुरशीवरचा उपाय होता.

टॅनिनमध्ये एक दोष होता. ते हळूहळू पाण्यात धुऊन जाई आणि उपचार पुन्हा पुन्हा करावा लागे. म्हणून त्याला तांब्याच्या क्षारांची जोड देण्यात आली. मोरचूद आणि अमोनिया यांच्या द्रावणात बुडवले की टॅनिन धाग्यावर पक्के बसते, शिवाय तांबे स्वतःच बुरशीला मारक असते. १९२०च्या दशकात इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. जी. अ‍ॅटकिन्स यांनी तांब्याच्या संयुगांवर पद्धतशीर प्रयोग केले. जाळ्याचे तुकडे पाण्यात टांगायचे, ठराविक काळाने काढायचे आणि किती वजनाला तुटतात ते मोजायचे, अशी ही साधी पण चिकाटीची पद्धत होती.

सॉलोमन बेटांवरचा तंबू

बुरशी आणि कापड यांच्या नात्याचा खरा उलगडा मात्र जाळ्यामुळे झाला नाही, तंबूमुळे झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सैन्य प्रशांत महासागरातल्या उष्ण, दमट बेटांवर उतरले. तेथे तंबू, गणवेश, पट्टे, पिशव्या, बूट सारेच बुरसू लागले. युद्धसाहित्य शत्रूच्या माऱ्याशिवायच निकामी होत होते.

कारणे शोधण्यासाठी सैन्याच्या साहित्य-पुरवठा विभागाने शास्त्रज्ञांचा एक गट नेमला. खराब झालेल्या वस्तूंवरून हजारो बुरशी वेगळ्या करून त्यांचा संग्रह तयार झाला. सॉलोमन बेटांवरील एका कुजक्या सुती तंबूवरून मिळालेल्या बुरशीला क्रमांक मिळाला ‘क्यूएम ६ए’. कापसाचा फडशा पाडण्यात ती फारच तरबेज निघाली. एल्विन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या विकरांचा अभ्यास केला. सेल्युलोज तोडण्याचे काम एका विकराचे नसून अनेक विकरे मिळून ते करतात, हा विचार त्यांनी १९५० साली मांडला. मेरी मँडल्स यांनी पुढे रीस यांच्याबरोबर हे काम वाढवले. १९७७ साली या बुरशीला रीस यांच्या सन्मानार्थ ‘ट्रायकोडर्मा रीसी’ असे नाव मिळाले.

आज याच बुरशीच्या सुधारित वाणांपासून कारखान्यांत सेल्युलेज ही विकरे बनवतात. कापडाला मऊपणा आणण्यासाठी आणि पालापाचोळा, धानाचा पेंढा यांसारख्या पदार्थांपासून इथेनॉल बनवण्यासाठी ती वापरतात. तंबू खाणारी बुरशी अशी कामाला लागली.

नायलॉन आले, नियम बदलला

अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली नायलॉन तयार केले आणि १९३८ साली ते जाहीर झाले. भारतात १९५७ साली कोचीन येथे केंद्रीय मत्स्यप्रौद्योगिकी संशोधनाची सुरुवात झाली. जाळ्यांचे धागे आणि त्यांचे टिकाऊपण हा तेथील सुरुवातीपासूनचा विषय होता. पुढच्या दोन-तीन दशकांत सुताची जाळी मागे पडली आणि नायलॉनची जाळी समुद्रापासून गावतलावापर्यंत पोचली.

नायलॉनमध्ये सेल्युलोज नाही. आपल्या ओळखीच्या बुरशींना ते खाता येत नाही. काढा नको, मोरचूद नको. मच्छीमारांचे मोठे कष्ट वाचले. पण जुनी सवय, म्हणजे जाळे रोज कडक उन्हात पसरून ठेवणे, तशीच राहिली तर? सूर्यप्रकाशातील अतिनील किरण नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. धागा हळूहळू कडक आणि कमकुवत होतो. ऊन सुतालाही थोडे बाधतेच, परंतु कुजण्याच्या वेगापुढे ते नुकसान किरकोळ होते. नायलॉनच्या बाबतीत कुजण्याचे भय गेले आणि ऊनच मुख्य शत्रू ठरले.

येथे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘जाळे उन्हात वाळवा’ या वाक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. ‘वाळवा’ हा हेतू होता आणि ‘उन्हात’ हे साधन. धागा बदलल्यावर हेतू कायम राहिला, साधन बदलायला हवे होते. नियमाबरोबर त्याचे कारणही पुढच्या पिढीला दिले, तरच असा बदल वेळेवर करता येतो.

न कुजण्याला दुसरी बाजूही आहे. टाकून दिलेले सुताचे जाळे काही काळात मातीत मिसळून जाई. टाकलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे पाण्यात राहते आणि त्यात मासे, कासवे अडकत राहतात.

पाणबुड्याचा पोशाख

पाणबुड्याच्या पोशाखाचा इतिहासही असाच आहे. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापड बनवले. १८३०च्या दशकात ऑगस्टस सीबे यांनी धातूचे शिरस्त्राण आणि जलरोधक पोशाख यांची जोडी तयार केली. त्या पोशाखाच्या आत-बाहेर सुती कापड असे. घाम आणि पाणी यांनी ते आतून ओले होई, आणि तसेच घडी करून ठेवले की जाळ्याचीच गोष्ट पुन्हा घडे.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी पाठीवरच्या टाकीतून गरजेपुरती हवा देणारे उपकरण बनवले. १९५१च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसाचा पोशाख सुचवला. फेसातील वायूचे बुडबुडे उष्णता रोखतात आणि शरीर उबदार राहते. भारतात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून डॉ. एस. आर. राव यांनी १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्व संशोधन केले, तेही पाणबुड्यांच्या साहाय्याने. आता तर सिंधुदुर्गात तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकही बुडी मारतात.

निओप्रीन, सिलिकोन, नायलॉन यांतले काहीच सहजी बुरशीचे अन्न नाही. तरीही हे साहित्य ओले ठेवले की त्यावर काळे ठिपके येतात आणि कुबट वास सुटतो. कारण बुरशी पोशाख खात नाही, पोशाखावर राहिलेले खाते. घाम, त्वचेचे तेल, लाळ, शेवाळ, गाळ एवढी शिदोरी तिला पुरते. काही पदार्थ मात्र ती खरोखर खाते. पीव्हीसी मऊ करण्यासाठी त्यात जी द्रव्ये मिसळतात, ती काही बुरशींना पचतात आणि मग प्लॅस्टिक कडक होऊन तडकते. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांवरही बुरशी वाढू शकते.

येथे धोका साहित्यापुरता नाही. श्वासाची नळी, तोंडात धरायचा भाग आणि तरंगण्यासाठी हवा भरायचे जाकीट या सर्वांत लाळ आणि पाणी जाते. आत बुरशी किंवा जिवाणू वाढले, तर पुढच्या वेळी ते श्वासाबरोबर थेट फुप्फुसात जाऊ शकतात. म्हणून जाकिटाच्या आतही गोडे पाणी घालून, हलवून, ओतून टाकतात आणि ते थोडे फुगवून वाळवतात, म्हणजे आतले पृष्ठभाग एकमेकांना चिकटत नाहीत. टाकी पूर्ण रिकामी न करता तीत थोडा दाब ठेवतात, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही.

समुद्रातून आल्यावर गोडे पाणी का हवे? त्याचे कारण मीठ. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून ओले होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर ३३ टक्क्यांपासूनच पाणी ओढू लागते. म्हणजे मीठ राहिलेला पोशाख किनाऱ्यावरच्या हवेत खऱ्या अर्थाने कधी वाळतच नाही. वैनगंगेत भिजलेल्या साहित्याला मिठाची अडचण नाही, पण गाळ आणि शेवाळ असतात, म्हणून धुणे तेथेही चुकत नाही.

वर्गात करून पाहा

१. सारख्या आकाराच्या कापडाच्या तीन पट्ट्या घ्या: साधी सुती, हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या काढ्यात रात्रभर भिजवून वाळवलेली सुती आणि नायलॉनची. तिन्ही कुंडीतल्या ओलसर, शेणखत मिसळलेल्या मातीत पुरा. दर आठवड्याला एकदा काढून ताण देऊन पाहा. टोकाला वजने टांगली, तर ताकद आकड्यांतही मांडता येईल. अ‍ॅटकिन्स यांची पद्धत याहून फार वेगळी नव्हती.

२. सारख्या वजनाचे दोन सुती रुमाल घ्या. एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात भिजवून उन्हात खडखडीत वाळवा आणि वजन करा. मग पावसाळी दिवशी दोन्ही एकाच खोलीत टांगून काही तासांनी पुन्हा वजन करा. कोणाचे वजन जास्त वाढले आणि का, याची चर्चा करा.

एक सूचना: बुरशी वाढलेला पदार्थ नाकाजवळ नेऊ नये. बीजाणू श्वासात जातात, म्हणून काम उघड्यावर करावे आणि नंतर हात धुवावेत. दम्याचा त्रास असलेल्या विद्यार्थ्यांना यापासून दूर ठेवावे.

पुराच्या दिवसासाठी

लाखांदूरमध्ये समुद्र नाही, पण ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी तरंगती जाकिटे, दोर, रबरी होड्या, ताडपत्र्या बाहेर काढाव्या लागतात. हे साहित्य वर्षातले काही दिवस वापरले जाते आणि उरलेले महिने कोठीत पडून असते. पूर ओसरल्यावर दमलेली माणसे ते ओलेच, गाळासकट रचून ठेवतात, आणि बुरशीला नेमके हेच हवे असते. नैसर्गिक धाग्याचा दोर तर आतून कुजतो आणि बाहेरून धड दिसतो. त्याचा खरा कस लागतो तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस असतो.

शाळेतही ताडपत्री असते, राष्ट्रीय छात्र सेनेचे तंबू असतात, क्रीडा विभागाची जाळी असतात. पावसाळा संपला की ती बाहेर काढून विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावीत. कोणती वस्तू कशाची बनली आहे, तिला ऊन चालेल की सावली हवी आणि असे का, हे त्यांनीच ठरवावे. तुमच्या गावात सुताचे जाळे विणलेली एखादी आजी किंवा आजोबा असतील, तर जाळे कशात बुडवत, किती दिवसांनी बुडवत आणि कोठे वाळवत, हे विद्यार्थ्यांनी त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवावे. त्या पिढीतली माणसे आता थोडी उरली आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये.